नव्या गाडीला ॲक्सेसरीज घरी बसवताना कंपनीची एकही वायर कापू नका

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरच्या एका तरुणाने रॉयल एनफील्डची क्लासिक 350 बुक केली आहे, आठवड्याभरात गाडी हातात येईल. शोरूमने क्रॅश गार्ड, फॉग लाइट, मोबाइल होल्डर, यूएसबी चार्जर, सॅडल स्टे (मागे पिशव्या टेकवायची चौकट) आणि विंडशील्ड असं पॅकेज पुढे केलं आहे. "बाहेरून काही बसवलंत तर वॉरंटी गेली समजा," असंही सांगितलंय. यांना पाने चालवता येतात, घरी बसवायची हौस आहे. आंबोलीमार्गे सावंतवाडीला नेहमी जाणं-येणं असतं, त्यामुळे फॉग लाइट हवेतच. शोरूमचं पॅकेज घ्यावं की सगळं घरी बसवावं?

माझं सरळ उत्तर: क्रॅश गार्ड कंपनीचा घ्या आणि शोरूममध्येच बसवून घ्या. बाकी सगळं घरी बसवा, पण पहिली सर्व्हिसिंग झाल्यावर, एकेक करून. आणि विजेचं काहीही जोडताना गाडीची मूळ वायर कापू नका, सोलू नका. मी गॅरेजमध्ये वायरिंगचीच कामं जास्त करतो. नव्याकोऱ्या गाड्या माझ्याकडे येतात त्या बहुतेक या एकाच कारणाने.

आधी खरेदीचं बघू, कारण ॲक्सेसरीजचा घोळ तिथूनच सुरू होतो. कोटेशन मागताना प्रत्येक रक्कम वेगळी लिहून मागा: एक्स-शोरूम, रोड टॅक्स, नोंदणी, विमा, ॲक्सेसरीज. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवर 18 टक्के आणि त्यावरच्यांवर 40 टक्के जीएसटी आहे. क्लासिकचं इंजिन 349 सीसीचं, म्हणजे तुम्हाला 18 टक्क्यांचा दर लागू होतो. 'हँडलिंग' किंवा 'लॉजिस्टिक' नावाने वेगळी रक्कम दिसली तर ती कशाची आहे ते लेखी विचारा; नुसतं विचारलं तरी ती बरेचदा गळून पडते. विम्यात थर्ड पार्टी पाच वर्षांची घ्यावीच लागते, सप्टेंबर 2018 पासूनचा तो नियम आहे. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा कुठल्या कंपनीचा घ्यायचा हे तुम्ही ठरवायचं, शोरूमने नाही.

दोन गोष्टी पॅकेजमध्ये पैसे लावून दिल्या तर तिथेच हटका. हेल्मेट: केंद्रीय मोटार वाहन नियम 138 प्रमाणे दुचाकी विकताना आयएसआय मार्कचं हेल्मेट देणं उत्पादकाची जबाबदारी आहे. आणि साडी गार्ड: मागे बसणाऱ्यासाठी पकडायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं आवरण नियम 123 मध्येच सांगितलेलं आहे. दिसायला बरं वाटत नाही म्हणून साडी गार्ड काढून टाकणारे पुष्कळ आहेत. घरात आई, बहीण, बायको मागे बसणार असेल तर कृपा करून काढू नका. ओढणी चाकात गेली की काय होतं ते ज्याने एकदा पाहिलंय तो पुन्हा त्या वाटेला जात नाही.

गाडी बघायला दिवसाउजेडी जा, आणि नोंदणी व्हायच्या आधी जा. एकदा नंबर पडला की गाडी बदलून मिळणं जवळपास अशक्य. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष गाडीवर वाचा आणि फॉर्म 21 (विक्रीचं प्रमाणपत्र), फॉर्म 22 (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र) आणि विम्याच्या कागदावरच्या नंबरांशी ताडून बघा. टायरच्या बाजूला 'डॉट' लिहिलेल्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. 3225 म्हणजे 2025 सालातला 32वा आठवडा. टायर गाडीच्या उत्पादन महिन्यापेक्षा फारच जुना असेल तर विचारा. दोन्ही चाव्या, टूलकिट, पुस्तिका घ्या. गाडी चालू करून हँडल डावीकडे पूर्ण वळवा, मग उजवीकडे. इंजिनचा आवाज चढता-उतरता कामा नये. आवाज बदलला तर केबल ताणली जातेय. ही तपासणी लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

आता वॉरंटी. शोरूमच्या माणसाने सांगितलं ते अर्धंच खरं आहे. वॉरंटी पुस्तिका स्वतः वाचा, मराठीत नसली तरी वाचा. सर्वसाधारणपणे नियम असा असतो की बाहेरून बसवलेल्या वस्तूमुळे किंवा केलेल्या बदलामुळे जो बिघाड झाला, तो वॉरंटीत येत नाही. तुम्ही मोबाइल होल्डर बसवला म्हणून गिअरबॉक्सची वॉरंटी जात नाही. पण मूळ हार्नेस, म्हणजे गाडीच्या वायरींचा जुडगा, कापलेला दिसला, तर विजेच्या कुठल्याही तक्रारीत सर्व्हिस सेंटरला नाही म्हणायला आयतं कारण मिळतं आणि तुम्हाला भांडायला जागा उरत नाही. आजच्या गाडीत पेट्रोल इंजेक्शन, एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), सेन्सर सगळं त्याच वायरिंगवर चालतं. पूर्वी कार्ब्युरेटरच्या गाडीला कुठूनही वायर ओढली तरी फार तर हॉर्न जायचा. आता एबीएसचा दिवा लागून राहतो किंवा गाडी मध्येच बंद पडते.

शोरूममध्ये बसवलं म्हणजे नीट बसवलं, असंही नाही. माझ्याकडे पावसाळ्यात एक गाडी आली होती, पाऊस लागला की फ्यूज उडायचा. फॉग लाइट एका शोरूममधून बसवलेले, बिलही जपून ठेवलेलं. टाकी उतरवली. हॉर्नच्या वायरचं इन्सुलेशन ब्लेडने तासलं होतं, त्याला फॉग लाइटची वायर पीळ देऊन गुंडाळली होती आणि वर काळी टेप. उन्हाने टेपचा गोंद वितळून चिकट राळ झाला होता, त्याखाली तांबं हिरवं पडलं होतं. थोडं पुढे, हँडलच्या मानेजवळ, केबल टाय इतका आवळून बांधला होता की हँडल वळताना वायर त्याच जागी मुडपायची. तिथलं आवरण चिरून तार चेसिसला टेकत होती. म्हणून मी म्हणतो, प्रश्न घरी की शोरूममध्ये हा नाही. ज्याला स्वतःच्या गाडीची काळजी आहे आणि हातात दुपारभर वेळ आहे, तो घरी हे काम घाईतल्या पोरापेक्षा चांगलं करतो.

पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत थांबा म्हणालो त्याची कारणं दोन. त्या काळात गाडी काही आवाज, थरथर, विजेची तक्रार दाखवायचीच असेल तर दाखवते, आणि गाडी कोरी असल्यामुळे दोष कुणाचा यावर वाद होत नाही. दुसरं, गाडी चालवल्यावरच कळतं की तुम्हाला नक्की काय हवंय. विंडशील्डचं तर हमखास असं होतं. बाजारात पाहून घेतात आणि घाटात आडवा वारा लागला की हँडल जड लागतं म्हणून महिन्याभरात काढून ठेवतात. माझं मत, विंडशील्ड आत्ता घेऊच नका.

क्रॅश गार्ड मात्र शोरूमवर का सोडायचा? कारण तो बहुतेक वेळा इंजिन ज्या बोल्टवर फ्रेमला धरलेलं असतं त्यातल्याच एखाद्या बोल्टवर बसतो. क्लासिकचं वजन 195 किलो. चुकीच्या जागी वेल्डिंग केलेला जाडजूड बाजारी गार्ड गाडी आडवी झाल्यावर स्वतः वाकत नाही, तो मार थेट फ्रेमला देतो. तरीही घरीच बसवणार असाल तर दोन्ही बाजूंचे बोल्ट एकाच वेळी काढू नका. एक काढा, नवा लांब बोल्ट हाताने अर्धा बसवा, मग दुसऱ्याकडे जा. सगळे बोल्ट हाताने बसल्यावर गार्ड हलवून सरळ करा आणि मगच आवळा. पान्याला पाइप लावून जोर काढू नका. आवळण्याचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो. साधारण अंदाजासाठी, 6 मिमीच्या बोल्टला 10 च्या आसपास, 8 मिमीला 20 ते 25. पण इंजिनच्या बोल्टला अंदाज चालत नाही, मॅन्युअलचाच आकडा धरा आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराइतकंच आवळणारा पाना) भाड्याने मिळाला तरी आणा.

आता मुख्य काम, फॉग लाइट.

आधी हिशोब. बाजारात मिळणारे एलईडी 20 वॉटचे दोन धरले तर 40 वॉट. गाडी चालू असताना व्होल्टेज साडेतेराच्या आसपास असतं, म्हणजे करंट साधारण 3 अँपिअर. एवढ्याला 5 अँपिअरचा फ्यूज आणि 1 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पुरते. दुकानदार 60 वॉटचे दोन दाखवेल, "साहेब, घाट दिवसासारखा दिसेल" म्हणेल. 120 वॉट म्हणजे 9 अँपिअर. गाडीच्या मॅग्नेट कॉइलमधून येणाऱ्या विजेतला मोठा हिस्सा पेट्रोल पंप, इग्निशन, एबीएस आणि हेडलाइट आधीच खातात, आणि 2017 पासून दुचाकीचा हेडलाइट दिवसाही चालूच असतो. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रमतगमत चढताना इंजिनचे फेरे कमी असतात, तेव्हा नेमकी वीजही कमी तयार होते. जादा दिवे मग बॅटरीतून ओढतात. शिवाय धुक्यात जास्त प्रकाश टाकला की समोर पांढरी भिंत उभी राहते. आंबोलीच्या धुक्याला पिवळसर, खाली बसवलेला, रुंद पसरणारा प्रकाश लागतो. वॉट कमी असले तरी चालतात.

जोडणी अशी. बॅटरीच्या प्लसवरून निघालेल्या वायरवर वीतभर अंतरात फ्यूज हवा. फ्यूज दिव्याला नाही, वायरला वाचवतो, म्हणून तो बॅटरीजवळ असला पाहिजे. दिव्याजवळ फ्यूज लावला तर मधली चार फूट वायर उघडी पडली, असंच समजा. फ्यूजमधून रिलेच्या (रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) 30 नंबरच्या पिनला. 87 नंबरवरून दिव्यांना. 85 अर्थला. 86 ला स्विचमधून येणारी वायर, आणि स्विचला वीज अशा ठिकाणाहून की जिथे चावी चालू केल्यावरच करंट येतो. रिलेची कॉइल फार तर 0.2 अँपिअर घेते, त्यामुळे मूळ वायरिंगवर भार जवळपास पडतच नाही. दिव्यांची अर्थ वायर हँडल-फोर्कजवळच्या बोल्टला देऊन मोकळे होऊ नका. मानेतल्या बेअरिंगमध्ये ग्रीस असतं, तिथून अर्थ नीट मिळत नाही आणि दिवे लुकलुकतात. वायर सरळ बॅटरीच्या मायनसपर्यंत आणा.

चावीवरचा करंट मूळ वायर न कापता कसा घ्यायचा? दोन चांगले मार्ग. काही गाड्यांत, उदाहरणार्थ केटीएमच्या ड्यूकमध्ये, ॲक्सेसरीजसाठी कंपनीनेच मोकळे कपलर सोडलेले असतात. तुमच्या गाडीत आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा. नसेल तर फ्यूज टॅप वापरा: फ्यूज बॉक्समधला एक फ्यूज काढून त्या जागी बसतो, त्यात मूळ फ्यूज आणि तुमचा नवा फ्यूज दोन्ही बसतात. उद्या काढायचं झालं तर टॅप उपटला, फ्यूज परत लावला, गाडी जशीच्या तशी. मात्र एबीएस, पेट्रोल इंजेक्शन किंवा ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या) फ्यूजला हात लावू नका. पार्किंग लाइट, टेल लाइट किंवा हॉर्नचा घ्या. वायरवर दाबून चिमटा मारायचे निळे-लाल क्लिप मिळतात, ते घेऊ नका. पावसाळ्यात आतून गंजतात, आणि कोकणात उतरणाऱ्या गाडीला खाऱ्या हवेने अजून लवकर.

जोड मारताना थिंबल (वायरच्या टोकाला बसणारी धातूची टोपी) क्रिम्पिंगच्या पकडीने दाबा, वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आक्रसून घट्ट बसणारी नळी) चढवा. टेप फक्त वायरींचा जुडगा बांधायला. वायर टाकीखालून मूळ हार्नेसच्या बाजूने न्या, सिलिंडर हेड आणि सायलेन्सरपासून लांब. मानेजवळ हँडल वळण्यापुरती सैल वेटोळी ठेवा आणि केबल टाय बोटाने फिरेल इतकाच आवळा. काम संपलं की हँडल दोन्ही टोकांना वळवून आधी सांगितलेली तपासणी पुन्हा करा, या वेळी हॉर्न आणि दिवे लावून.

बॅटरीला हात लावण्याआधी मायनस काढा, जोडताना मायनस शेवटी. प्लसचा नट सोडताना पाना चुकून चेसिसला लागला आणि मायनस जोडलेलाच असला तर पाना जागच्या जागी ठिणगी मारून चिकटतो. शेजारी पेट्रोलची टाकी आहे, हे विसरू नका.

दिवे लागले की भिंतीसमोर 25 फुटांवर गाडी उभी करा, कुणाला तरी सीटवर बसवा. प्रकाशाची वरची कड दिव्याच्या उंचीच्या खालीच राहिली पाहिजे. शाहूपुरी-राजारामपुरीत फिरताना हे दिवे बंद असूद्यात, समोरच्याला काही दिसत नाही. लाल-निळे चमकणारे दिवे, बहुसुरी हॉर्न, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर यांच्याबद्दल मला कुणी विचारलं तरी मी बसवत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि फाटलेल्या सायलेन्सरचा त्रास गल्लीतल्या आजारी माणसाला आणि तान्ह्या बाळाला होतो.

यूएसबी चार्जर दिसायला किरकोळ, पण बॅटरी उतरल्याच्या तक्रारींत याचाच हात जास्त. लोक तो थेट बॅटरीला जोडतात. मोबाइल लावलेला नसला तरी आतला सर्किट बोर्ड आणि तो निळा दिवा मिळून समजा 20 मिलिअँपिअर घेत राहतात. दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर. बॅटरी 8 अँपिअर-अवरची असेल तर आठवडाभर गाडी उभी राहिल्यावर स्टार्टर कुरकुरायला लागतो आणि पंधरवड्यात ती पार रिकामी होते. म्हणून चार्जरही चावीवरच्या लाइनवर, स्वतःच्या 3 अँपिअरच्या फ्यूजसह जोडा. आणि आधी बघा, नव्या गाडीत कंपनीनेच चार्जिंग पोर्ट दिला असेल तर दुसरा कशाला?

होल्डर कंपन शोषणाऱ्या रबरी डँपरचा घ्या. मोटारसायकलच्या इंजिनच्या थरथरीने कॅमेऱ्यातली स्थिरता राखणारी यंत्रणा बिघडू शकते, असं ॲपलने 2021 मध्ये आपल्या ग्राहकांना सांगितलं होतं. एका सिलिंडरच्या गाडीवर महागडा फोन लावणाऱ्याने एवढा खर्च करावाच.

सॅडल स्टेला फार कौशल्य लागत नाही. मागचा इंडिकेटर झाकला जात नाही ना आणि भरलेली पिशवी सायलेन्सरला टेकत नाही ना, एवढं बघा. त्याच्या बोल्टना निळं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावा. लाल लावू नका, नंतर गरम केल्याशिवाय सुटत नाही.

चारपाचशे रुपयांत डिजिटल मल्टिमीटर मिळतो, तो आधी घ्या. काही जोडण्यापूर्वी तीन आकडे वहीत लिहा: गाडी बंद असताना बॅटरी (12.6 च्या वर हवी), गाडी मंद चालू असताना, आणि थोडी रेस दिल्यावर (साधारण 13.8 ते 14.5). प्रत्येक नवी वस्तू जोडल्यावर ती चालू ठेवून पुन्हा मोजा. सगळं चालू असताना मंद गतीला आकडा 13 च्या खाली घसरत असेल तर एखादी वस्तू जास्त झाली आहे. एकेक करून बसवा म्हणतो ते याचसाठी. चार गोष्टी एकाच रविवारी जोडल्या तर गडबड कुणी केली ते सापडत नाही.

सगळ्या वस्तूंची बिलं ठेवा आणि विमा कंपनीला कळवा. गाडीच्या मूळ किमतीत नसलेलं विजेचं साहित्य आयएमटी 24 या कलमाखाली, त्याच्या किमतीच्या 4 टक्के जादा हप्ता भरून, पॉलिसीत घालता येतं. न कळवता बसवलेले दिवे अपघातात फुटले तर त्याचे पैसे मागता येत नाहीत.

बसवल्यानंतर शंभरेक किलोमीटर फिरून झालं की सगळे बोल्ट पुन्हा तपासा, नवा रंग दबतो आणि बोल्ट थोडा सैल होतो. टाकी खाली असतानाच वायरिंगचे फोटो काढून ठेवा आणि कुठला फ्यूज कशाचा, रिले कुठे, हे एका चिठ्ठीवर लिहून सीटखाली चिकटवा. सर्व्हिसिंगला गाडी देताना ती चिठ्ठी मेकॅनिकला दाखवा, म्हणजे तुमची वायर कुठली आणि कंपनीची कुठली हे त्याला शोधत बसावं लागणार नाही.